पाइप लावण्याआधी

प्रतापगडच्या पायथ्याशी जेट स्की आली कुठून, असं कुणीही विचारेल. ती पिकअपमध्ये, जुन्या गाद्यांवर निजवून आली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या या पट्ट्यात पाण्याला तोटा नाही. एका अंगाला गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधचा तलाव, आणि मध्ये कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव आणि बोड्या. या पाण्यावर आजवर चालले ते ढिवरांचे डोंगे, आणि फार तर सहलीची बोट. ओळखीतल्या एका पोराने कोकणच्या किनाऱ्यावर चार हंगाम काम केलं आणि परतताना एक थकलेली वॉटर स्कूटर घेऊन आला. ती इथे चालवायच्या परवानग्या मिळायच्या तेव्हा मिळतील, पण त्याआधी ती चालायला तर हवी. इंजिन सुरू व्हायचं, आवाज भरपूर, पुढे सरकायचं मात्र नाव नाही.

‘जेट स्की’ हे खरं तर कावासाकी कंपनीने १९७०च्या दशकात बाजारात आणलेल्या यंत्राचं व्यापारी नाव. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तसं ते सगळ्यांनाच चिकटलं. यंत्र आपल्या ओळखीतलंच आहे. खाली पाणी ओढणारा पंप, त्यात फिरणारं पातं, आणि मागे जोराने फेकलं जाणारं पाणी. पातं आणि त्याभोवतीची कडी यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असावी लागते. वाळू-खड्यांनी ती कडी झिजली की पाणी पुढे जायच्या ऐवजी तिथल्या तिथे घुसळत राहतं. शेतातला मोनोब्लॉक पंप जुना झाला की मोटर फिरते पण पाणी फेकत नाही, तेच दुखणं. कडी बदलायची तर पंप उतरवायचा. पंप चार लांब बोल्टांवर. त्यातले दोन निघाले, तिसऱ्याने रडवलं, चौथा तुटला. तो कसा तुटला ते पुढे येईलच.

माझा रोजचा धंदा पंपसेट, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्रांचा. चिखलणी झाल्यावर ट्रॅक्टरची केजव्हील न धुता उभी ठेवली की पुढच्या पावसाळ्यात तिचे बोल्ट काय करतात, ते धानपट्ट्यात कुणाला सांगायला नको. त्यामुळे जाम बोल्ट म्हटलं की आमच्याकडे पहिला शब्द निघतो ‘पाइप’. पान्याच्या दांड्यात पाइप घालायचा, दोघांनी लटकायचं. लोखंडात लोखंड असेल आणि बोल्ट अंगठ्याएवढा जाड असेल तर हे खपून जातं. वॉटर स्कूटरवर, बोटीच्या इंजिनावर, मोटरसायकलच्या इंजिनावर नाही खपत. का, ते हिशोबानेच पाहू.

पान्याची लांबी ३० सेंटीमीटर धरा आणि टोकाला २५ किलोचा जोर. पीळ झाला जवळजवळ ७५ न्यूटन-मीटर. आता १० मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस बोल्ट घ्या, डोक्यावर ‘ए२-७०’ असं कोरलेला. तो पिळून तुटण्याची किमान मर्यादा ६५च्या आसपास. म्हणजे बोल्ट आत घट्ट चिकटलेला असेल तर पाइप दूरच, साधा पानाही त्याला तोडायला पुरेसा आहे. त्यात तुम्ही ९० सेंटीमीटरचा पाइप घातलात तर तोच हात तिप्पट पीळ देतो. बोल्ट सुटला की तुटला हे हाताला कळायच्या आत निकाल लागलेला असतो.

म्हणून पाना लावायच्या आधी एकच गोष्ट शोधायची. या बोल्टला धरून कोण बसलंय? धरणारे वेगवेगळे असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला आपल्या ओळखीचा तांबडा गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली सगळी फट भरून तो बोल्टला पाचर मारल्यासारखा आवळतो. याला तेल लागू पडतं, कारण गंज सच्छिद्र असतो, तेल शोषतो. गंज सोडवणारा स्प्रे कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. नाही मिळाला तर डिझेल, ब्रेक ऑइलही काही प्रमाणात चालतं. पण तेलाला वेळ द्या. संध्याकाळी फवारा, रात्री झोपायच्या आधी पुन्हा, सकाळी पुन्हा, आणि दर वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे पाच-सहा ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यात उतरतं. फवारा मारून दोन मिनिटांत पाना लावणाऱ्याने फक्त डबा रिकामा केलेला असतो.

दुसरा धरणारा पांढरा. समुद्राच्या पाण्यातल्या यंत्रावर हाच भेटतो. ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचा बोल्ट, आणि दोघांना जोडणारं खारं पाणी. एवढ्यावर एक लहानशी बॅटरी तयार होते. झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि त्याची चुन्यासारखी पांढरी भुकटी होऊन ती बोल्टच्या अंगाभोवती सिमेंटसारखी बसते. बहुतेकांची इथेच फसगत होते. स्टेनलेसचा बोल्ट वरून चकाचक दिसतो, म्हणून वाटतं, हा तर सहज निघेल. या पांढऱ्या थरात तेल फारसं शिरत नाही. त्याचं औषध उष्णता.

तिसरा धरणारा म्हणजे कारखान्यातच आट्यांवर लावलेला डिंक, सगळे ज्याला लॉकटाइट म्हणतात तो. निळा असेल तर साध्या अवजारांनी सुटतो. लाल असेल तर सांधा २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याशिवाय तो मऊ पडत नाही. आधी निघालेल्या शेजारच्या बोल्टच्या आट्यांवर काय चिकटलंय ते नखाने खरवडून पाहा, अंदाज येतो.

चौथा म्हणजे स्टेनलेसवर स्टेनलेस. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर सुका आणि वेगाने फिरवला तर दोघांचे आटे एकमेकांत रुततात, जणू वेल्डिंग झालं. अशा वेळी इम्पॅक्ट गन लावली तर उरलीसुरली आशाही जाते. तेल सोडून सावकाश, थोडं मागे थोडं पुढे करत सोडवायचा, आणि नाहीच आला तर नट कापून टाकायचा. दहा-वीस रुपयांच्या नटासाठी यंत्र पणाला लावू नये.

आणि एक धरणारा आपल्याच डोक्यात असतो, उलटे आटे. टेबल फॅनच्या पात्याची टोपी, सायकलचं डावं पेडल यांचे आटे उलटे असतात, हे ठाऊक असूनही घाईत हात सवयीच्याच बाजूला वळतो. फिरणाऱ्या दांड्यावरचं काहीही खोलताना आधी मॅन्युअल बघा, किंवा आट्यांचा उतार कुठल्या बाजूला आहे ते टॉर्च लावून बघा. जाम झाला जाम झाला म्हणत आपण तो आणखी आवळत असतो.

आता पाना. १०चा बोल्ट म्हणजे १७चा पाना, ८चा म्हणजे १३चा, हे आपलं पाठांतर. जपानी यंत्रांवर मात्र ८च्या बोल्टला बरेचदा १२ची आणि १०च्या बोल्टला १४ची डोकी असतात. १२च्या डोक्यावर १३ची गोटी, म्हणजे सॉकेट, सैलसर बसते आणि एका झटक्यात डोकं गोल करून ठेवते. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी फक्त कोपऱ्यांवर पकडते, सहा कोनांची सपाट बाजूंवर. फिक्स पाना जाम बोल्टला लावूच नका. डोक्यावर आणि भोवती साचलेलं मीठ, माती, रंग तारेच्या ब्रशने काढा. एलन कीचा बोल्ट असेल तर भोकातली घाण सुईने काढून, की पूर्ण तळाला टेकेपर्यंत हलक्या हाताने ठोकून बसवा. अर्ध्यावर बसलेली एलन की भोक गोल करते, आणि मग रडायला वेळच वेळ.

पहिला पीळ सोडवायच्या बाजूला देऊ नका, आवळायच्या बाजूला द्या, केसभर. विचित्र वाटेल, पण पकड फोडायला दिशा लागत नाही. ‘टिक’ असा कोरडा आवाज आला की समजा, सुटला. तिथून पुढे घाई नको. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल टाका, पुन्हा पाव फेरा. निघताना बोल्ट कचकच करत जड होऊ लागला तर थांबा, भुकटी आट्यांत गोळा होतेय. सरळ ओढत नेला तर अर्ध्यावर पुन्हा रुततो, आणि ही दुसरी गाठ पहिल्यापेक्षा वाईट.

उष्णतेबद्दल बोलण्याआधी पेट्रोलबद्दल. वॉटर स्कूटरचं पोट बंद असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते. सीट काढा, झाकणं उघडा, अंगणात सावलीत तासभर तशीच उघडी ठेवा, बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा. गॅसची ज्योत अशा यंत्राच्या आसपासही नको. तसंही अंग फायबरचं, आत रबरी सील. ब्रेक क्लिनर फवारलेल्या जागेवर तर कुठल्याच यंत्रात ज्योत लावू नका. काही क्लिनरांतून तापल्यावर विषारी वायू निघतो.

मग तापवायचं कशाने? उकळत्या पाण्याने. हसू नका. ॲल्युमिनियम तापलं की स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. ३० अंशांवरचं ॲल्युमिनियमचं घर १०० अंशांपर्यंत गेलं तर १० मिलिमीटरचं भोक सुमारे ०.०१६ मिलिमीटरने मोठं होतं. आकडा नगण्य, पण त्या पांढऱ्या थराला भेग पाडायला बरेचदा पुरतो. किटलीने पाणी बोल्टवर नाही, बोल्टभोवतीच्या घरावर ओता, धारेने, दोन-तीन मिनिटं. नंतर लगेच बोल्टच्या डोक्यावर बर्फाचा खडा धरा. घर फुगलेलं, बोल्ट आखडलेला. असं तीन-चारदा केल्यावर पाना लावा. त्याहून जास्त उष्णता हवी तर हीट गन, आणि तीही फायबरपासून लांब, मध्ये ओलं पोतं धरून. नुसता बोल्टच तापवायचा असेल तर मोठी सोल्डरिंग इस्त्री डोक्यावर दहा मिनिटं टेकवून ठेवावी. डिंक सोडवायला ही युक्ती मला फार आवडते, कारण शेजारचं काही जळत नाही. फक्त ही गरम साधनं आणायची ती पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच.

लोखंडी यंत्रावर, म्हणजे रोटाव्हेटर किंवा ट्रेलरवर, गॅस खुशाल वापरा. नट तापवायचा, बोल्ट नाही. आणि तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि तेलापेक्षा चिवट वंगण बनतं. मधमाश्यांचं मेण असेल तर उत्तमच. ॲल्युमिनियमच्या बाबतीत एक धोका. लोखंड वितळण्याआधी लाल होतं, सूचना देतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी उजेडात रंगच बदलत नाही. आत्ता होतं, आत्ता ओघळलं.

आता कबुली. तिसरा बोल्ट या किटली-बर्फाच्या खेळाने दीड दिवसांत निघाला. दर चहाच्या वेळेला एक किटली जास्त उकळायची, एवढंच काम. चौथ्यालाही तेवढेच उपचार झाले होते, पण तो हलेना. पोरगं विचारतंय, “काका, पाइप लावू का जी?” मी दहा वेळा नाही म्हणालो. संध्याकाळी ते घरी गेल्यावर पाइप मीच लावला. एकच हलका हिसका, असं मनाशी ठरवून. पाना अचानक लोण्यातून फिरावा तसा मऊ फिरला. ज्याने कधी बोल्ट तोडलाय त्याला तो मऊपणा ठाऊक असतो. बोल्ट सुटताना आवाज करतो, तुटताना आधी नरम पडतो. पाना जड न होता नुसता वळत चाललाय असं वाटलं की त्याच क्षणी थांबा, कदाचित बोल्ट अजून जोडलेला असेल. मी नाही थांबलो. डोकं गोटीसकट हातात आलं.

तुटलं म्हणजे संपलं असं नाही, आणि हे त्या रात्री मला स्वतःलाच समजवावं लागलं. डोकं गेलं की निदान ताण गेलेला असतो. पंपाचा भाग आता त्या उरलेल्या दांड्यावरून सरकवून काढता येतो. पुन्हा उकळतं पाणी, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी आणि लाकडी मोगरी, एकदा इकडून एकदा तिकडून. लोखंडी हातोडा किंवा पेचकस फटीत घालू नका. ॲल्युमिनियमच्या काठाला खोक पडली की तिथून पाणी गळत राहतं. तासाभराने पंप हातात आला आणि बोल्टचा दोन बोटं दांडा बाहेर उरला. दांड्याची लांबी अशी हाताशी असेल तर वाइस ग्रिप घट्ट लावायचा, शक्यतो आट्यांच्या जवळ, म्हणजे दांडा पिळत नाही. सोल्डरिंग इस्त्री, गार पाण्याचं फडकं, इस्त्री, फडकं. सकाळी तो निघाला. आट्यांवर लाल डिंकाची साल होती. म्हणजे मी दोन दिवस पांढऱ्या भुकटीचं औषध देत होतो आणि रोग वेगळाच होता. भुकटी होतीच, पण खरं धरून बसला होता तो डिंक.

दांडा बाहेर उरलाच नसेल तर काम अवघड. थोडासा वर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. लोखंडी यंत्रावर हा राजमार्ग, पिळापेक्षा वेल्डिंगची उष्णताच बोल्ट सोडवते. वॉटर स्कूटरच्या अंगावर हे नको. यंत्रात कॉम्प्युटर असेल तर वेल्डिंगआधी बॅटरी पूर्ण सुटी करायलाच हवी. बोल्ट पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर ड्रिल. इथे सगळं मध्यबिंदूवर आहे. तुटलेला माथा कानशीने सपाट करा, भिंगातून पाहून पंच मारा, आधी बारीक बिट, मग मोठा. डावीकडे फिरणारा ड्रिल बिट मिळाला तर तोच घ्या, भोक पाडता पाडता कधीकधी बोल्टच उलटा फिरून बाहेर येतो. भोकात घालून तुटका बोल्ट उलटा काढायचा इझी आऊट वापरताना जपून. तो कडक पोलादाचा, आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, आणि मग लेथवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. घड्याळजींची एक जुनी युक्ती आहे. पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून विरघळवतात. स्टेनलेसवर तुरटीचा इलाज चालत नाही, त्यामुळे जेट स्कीला तिचा उपयोग नाही, पण ऐकायला गंमत वाटते.

आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवून घ्या. मूळ आट्यांपेक्षा ते कमजोर तर नसतातच, ॲल्युमिनियममध्ये उलट जास्त टिकतात. नुसते साफ करायचे असतील तर टॅप हाताने, तेल लावून फिरवा. टॅपने नवे आटे पाडायचे असतील तर ६च्या बोल्टसाठी भोक ५ मिलिमीटरचं, ८साठी ६.८चं. १०चा बोल्ट १.५ आणि १.२५ अशा दोन पिचांत मिळतो. दुकानातून नवा बोल्ट आणताना जुना सोबत न्या, दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा, फट दिसली तर तो तुमचा नाही. दोन फेरे आत जाऊन अडला की बळ लावून पुढे नेणारे मेकॅनिकही मी पाहिले आहेत.

परत बसवताना आटे आणि बोल्टचा साधा दांडा, दोन्हींवर मरीन ग्रीस लावा. आम्ही नेहमी आट्यांनाच लावतो आणि दांडा विसरतो, आणि भुकटी तर दांड्याभोवतीच बसते. मॅन्युअलने जिथे डिंक सांगितलाय तिथे आट्यांवर डिंकच, निळा, थेंबभर, आणि ग्रीस फक्त दांड्याला. तांब्याची पेस्ट ॲल्युमिनियमजवळ खाऱ्या पाण्यात वापरू नका, दोन धातूंचं भांडण तीन धातूंचं होतं. आटे वंगणलेले असले की आवळताना कोरड्यापेक्षा कमी पीळ पुरतो, म्हणून टॉर्क पान्यावरचा आकडा त्या हिशोबाने कमी करा. चारही बोल्ट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे आवळा.

इटियाडोहच्या गोड्या पाण्यात पांढऱ्या भुकटीचं हे दुखणं फार सावकाश वाढेल. तरी हंगाम संपला की एकेक बोल्ट सोडून, पुसून, ग्रीस लावून परत आवळायला अर्धा दिवसही लागत नाही. रोटाव्हेटरच्या पात्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे कुणी करत नाही.

यंत्र जोडून झाल्यावर अंगणातच चाचणी घेतली. अशा यंत्रांना आतून थंड करायला नळाचं पाणी जोडावं लागतं, आणि क्रम चुकवायचा नसतो. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी इंजिनात शिरायची भीती. दहा-बारा पोरं कुंपणाला लटकून बघत होती. मागच्या नळीतून पाण्याची पिचकारी उडाली तशी ओरडली. जेट स्कीवाल्या पोराने बोल्टचं तुटलेलं डोकं केव्हाच दोऱ्यात ओवून किल्लीला बांधलं होतं, आठवण म्हणून. “लोखंड बांधलंस, पाण्यात पडली तर बुडेल ना रे,” मी म्हटलं. तो म्हणाला, “म्हणून तर काका, तुमच्याजवळच ठेवा.”